आन्तिओका आत्याचे पंधरा दाणे

लहानशी कात्री, एक बोथट सुरी आणि कणकेचा गोळा, एवढ्या भांडवलावर आन्तिओका आत्या पाखरं करायची, डाळिंबं करायची, द्राक्षांचे घोस करायची. भट्टीतून निघालेला तो लग्नाचा पाव टेबलावर ठेवला की त्याला सुरी लावायची कुणाची छाती होत नसे. आमच्या गावात आणि आजूबाजूच्या चार गावांत गेल्या चाळीस वर्षांत जेवढी लग्नं लागली, त्यातल्या निम्म्यांचा पाव तिच्या हातचा. ती माझ्या नवऱ्याची आत्या. सिसिन्निओ तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली, आणि आत्याने स्वतःचं ठरलेलं लग्न मोडून भावाचं पोर वाढवलं. हे ती कधी बोलली नाही. तिच्या वाटचं सगळं गाव बोलायचं, तेही मला ऐकू येईल अशा बेताने.

मी चीजच्या कारखान्यात काम करणारी बाई. कणकेशी माझं कधी जमलं नाही. मी पोळपाटापाशी उभी राहिले की आत्या माझ्याकडे न बघता बघायची, आणि मग माझं जे काही बिघडायचं ते आणखी बिघडायचं. भांडणं आमची फारशी झाली नाहीत. भांडायला दोन माणसं लागतात आणि ती कधी आवाज चढवायचीच नाही, याचाच मला जास्त राग यायचा.

तिचं आणखी एक काम होतं. गावातल्या बायका पोरांना घेऊन तिच्या मागच्या दाराशी यायच्या. कुणाचं बाळ दूध टाकतंय, कुणाची पोर चार दिवस तापाने फणफणलीय. आत्या पेल्यात पाणी घ्यायची, त्यात गव्हाचे पंधरा दाणे सोडायची, ओठातल्या ओठात काही म्हणायची. दाण्यांवर बुडबुडे धरले की दृष्ट लागलेली आहे हे नक्की. मग पोराला त्या पाण्याचे तीन घोट पाजायचे, कपाळाला पाणी लावायचं, आणि उरलेलं दाण्यांसकट जिथे कुणाचा पाय पडत नाही अशा जागी टाकायचं. ते बोल कुणाला सांगायचे नाहीत. पैसे घ्यायचे नाहीत, आभार मानायचे नाहीत, आणि केलं त्याची वाच्यता करायची नाही, नाहीतर गुण येत नाही. मरायच्या आधी ते एकाच माणसाला देता येतात, आणि एकदा दिले की देणाऱ्याकडे काही उरत नाही. हे सगळं मला माहीत होतं. आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. तरीही मला दिसलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते.

आमची ग्रेका सहा वर्षांची असताना तिचं पोट फुगायला लागलं आणि हातापायांच्या काड्या झाल्या. खाल्लेलं अंगी लागेना, रात्रंदिवस रडणं, चेहरा म्हाताऱ्या माणसाचा. तेव्हाची तिची आंघोळ मी अजून विसरले नाही. साबण लावताना माझी बोटं तिच्या बरगड्यांवरून खाली उतरायची आणि मी डोळे मिटून घ्यायचे. कालियारी शहरातल्या मोठ्या इस्पितळात घशातून नळी घालून आत बघितलं, तेव्हा आजाराला नाव मिळालं. सिलिअ‍ॅक. गव्हातला चीक तिच्या आतड्याला सोसत नाही. डॉक्टर लोड्डो बाईंनी सांगितलं, गहू बंद, बार्ली बंद, राय नावाचं धान्यही बंद, जन्मभर. कणभरसुद्धा नाही.

घरी आल्यावर मी हे सांगत होते तेव्हा आत्या शेगडीपाशी उभी होती. तिने एकदाच विचारलं, "कणभरसुद्धा?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने तिची कणीक मळायची लाकडी काथवट, तिच्या आजीच्या लग्नात आलेली, शेजारच्या गावातल्या चुलतबहिणीला देऊन टाकली. चाळण्या दिल्या, पोळपाट दिला, भट्टीचं तोंड विटा लावून बुजवलं. तेवढी कात्री ठेवली. त्या वर्षी दोन नवऱ्या मुली तिच्या दारात येऊन रडून गेल्या. तिने कारण सांगितलं नाही, हात दुखतात म्हणाली.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे मी तिला काय काय बोलले ते वाचताना हे लक्षात असू द्या.

पाव गेला आणि पोर सुधारली. दोन वर्षांत नऊ बोटं उंच झाली. केस तर असे आले की आमच्या दोन्ही घरांत तसे कुणाचे नाहीत, तांब्याच्या रंगाचे, मुठीत मावणार नाहीत असे. सिसिन्निओ दुधाचा टँकर घेऊन पहाटेच मेंढवाड्यांकडे निघायचा आणि मी साडेपाचला कारखान्याची बस धरायची, तेव्हा सकाळचं सगळं आत्याकडे. ती दोन घरं सोडून राहायची. यायची, ग्रेकाला उठवायची, दूध द्यायची, वेणी घालायची, शाळेला लावून द्यायची.

सप्टेंबरच्या उत्सवात ग्रेका मिरवणुकीत केस मोकळे सोडून चालली. जो तो म्हणाला, काय केस आहेत पोरीचे. आमच्याकडे पोराचं कौतुक करणाऱ्याने पोराला हात लावायचा असतो, नुसतं कौतुक अंगावर सोडायचं नसतं. त्या गर्दीत कुणी लावला, कुणी नाही लावला. आत्या मोजत होती म्हणे. मी नव्हते मोजत.

ऑक्टोबरात तिच्या टाळूवर पहिली खपली दिसली. मला वाटलं कोंडा असेल. पंधरा दिवसांत ती कानांमागे उतरली, कपाळाच्या कडेने पुढे आली. पांढरट पिवळे जाड पापुद्रे, केसांच्या मुळाशी घट्ट धरलेले. एखादा ओढला तर खाली बारीक रक्ताचे ठिपके. शाळेच्या निळ्या झग्याच्या खांद्यांवर रोज पांढरं पडलेलं. पोरं तिच्या बाकावरून उठून दुसरीकडे बसायला लागली. आणि मोठी माणसं, ज्यांचे हात आधी येताजाता तिच्या डोक्यावरून फिरायचे, ती आता हात अर्ध्यातून मागे घ्यायला लागली. ग्रेका हे बघायची.

मला एकच दिसत होतं, गहू कुठून तरी आत जातोय. तेच पोट, त्याच बरगड्या परत येणार. मी घर पालथं घातलं. शाम्पूच्या बाटल्या, टूथपेस्ट, माझी लिपस्टिक, सगळ्यांवरचं बारीक छापलेलं वाचलं आणि निम्मं फेकलं. सिसिन्निओला बजावलं, पाव खायचा तर टँकरमध्ये खा, आणि घरात पाऊल टाकायच्या आधी तोंड धू. तो बिचारा अंगणातल्या नळावर तोंड धुवायचा आणि शेजारी विचारायचे, काय रे, बायकोने बाहेर काढलं काय.

नोव्हेंबरात डॉक्टर लोड्डोंनी रक्त तपासलं. स्वच्छ होतं. गहू कुठेही जात नाहीये, त्या म्हणाल्या. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. दोघांनी तेच सांगितलं: हा डोक्याच्या कातडीचा वेगळा आजार, अशा मुलांमध्ये जरा जास्त दिसतो, पण म्हणून तो गव्हाची खूण नव्हे. रात्री ऑलिव्हचं तेल लावून खपल्या मऊ करायच्या, मऊ ब्रशने सोडवायच्या, ओढायच्या नाहीत. आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू, पाच मिनिटं ठेवून धुवायचा. लालसर जागांवर तेवढं मलम. कमी होईल, पुन्हा येईल, पुन्हा कमी होईल. महिने लागतील, धीर धरा. यातलं मला 'महिने' एवढंच ऐकू आलं.

धीर माझ्यात नव्हता. रविवारी मी तिला मांडीत धरायचे आणि बारीक दाताच्या कंगव्याने खरवडायचे. ती किंचाळायची. आत्या दारात उभी राहायची, हात एप्रनमध्ये गुंडाळून.

"हळू गं, वितालिया," ती एकदा म्हणाली.

"हळू केलं तर निघत नाही, आत्या."

"हे कंगव्याचं काम नव्हे. कुणी तरी बघितलंय हिच्या केसांकडे."

मी तिथेच तिला थांबवलं. इस्पितळातले दोन दोन डॉक्टर एक सांगतात आणि तुम्ही बुडबुडे मोजत बसणार, असलं काही माझ्या घरात चालायचं नाही, म्हटलं. तिने मान हलवली. मला वाटलं, हो म्हणाली.

मार्चच्या मध्यावर पुन्हा तपासणी होती. डॉक्टर लोड्डोंनी कागद बघितला, परत बघितला, आणि ग्रेकाला बाहेर माशांची टाकी बघायला पाठवलं. 

"पोरगी गहू खातेय," त्या म्हणाल्या. "थोडा थोडा, पण रोज."

मी म्हटलं, शक्य नाही. त्या म्हणाल्या, रक्त खोटं बोलत नाही. एक तर चोरून खातेय, नाहीतर कुणी देतंय. ते शोधून काढा. आकडा असाच राहिला तर उन्हाळ्यानंतर पुन्हा नळी घालून आत काय झालंय ते बघावं लागेल. ग्रेकाला ती नळी आठवत होती. दोन वर्षं झाली तरी दवाखान्याची पायरी चढताना ती गळ्यावर हात ठेवायची. परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्याला डोकं लावून झोपली, आणि माझ्या कोटावर पांढरं पडत राहिलं. कुणी तरी माझ्या लेकीला रोज थोडं थोडं मारत होतं आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

मी पहिला वार शाळेच्या स्वयंपाकघरावर केला. तिथली आचारीण वान्निना, माझ्याच वयाची, ग्रेकाचं पातेलं लाल फीत बांधून वेगळ्या फळीवर ठेवणारी बाई. सगळ्या पोरांदेखत मी तिला नाही नाही ते बोलले. तिने तेच पातेलं उचलून माझ्या हातात दिलं, झाकण दिलं, डाव दिला, आणि म्हणाली, वास घे. भाताचा वास होता. मी तशीच घरी आले. तिची माफी मागायला मला पुढे दोन महिने लागले.

सिसिन्निओचे खिसे तपासले. ग्रेकाचं दप्तर रोज उलटं केलं. आत्याच्या घरीही गेले, कपाटं उघडली. तिने स्वतःच दारं उघडून दिली. तिच्या पलंगाखाली अंधारात ताटलीत गहू उगवत घातलेला होता, ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी देवळात ठेवायला, आम्ही सगळ्याच बायका घालतो तसा. बाजूला सुट्या दाण्यांनी भरलेली काड्यापेटी होती. मी वाकून बघितलं आणि ताटली सरकवून ठेवली. देवाचा गहू, तो कोण खातं.

मग आठ दिवसांनी कारखान्यातला बॉयलर बिघडला आणि आम्हाला सातलाच घरी सोडलं. मी मागच्या फाटकाने आले. अंजिराच्या झाडापाशी ग्रेका उभी होती, पाठीला दप्तर, हातात काचेचा पेला. तिने पाणी मुळाशी ओतलं. मग पेला तोंडाला उपडा लावून बुडाशी टिचकी मारली, आणि डोळे मिटून चावायला लागली.

"काय खातेस?"

ती दचकली. मी तिची हनुवटी धरली आणि तोंड उघड म्हटलं. तिने जिभेने काढून माझ्या तळव्यावर ठेवलं. करड्या रंगाचा चिकट गोळा, दाण्यांची टरफलं लागलेला. ओढला तर ताणला जात होता. इस्पितळाच्या भिंतीवर ज्याचं चित्र लावलंय तो चीक तो हाच, माझ्या हातात, लेकीच्या थुंकीने ओला.

"आई, हे च्युइंगम आहे," ती म्हणाली. "खूप चावलं ना, की शेवटी पावाचा वास येतो."

 मी झाडाला धरलं.

आत्या हात पुसत दारात आली. आधी तिने पेल्याकडे बघितलं, मग माझ्या तळव्याकडे. माझ्या आधी तिला समजलं. तिचा चेहरा असा उतरला की एरवी मी तिला खुर्ची दिली असती.

"ग्रेका," ती हळूच म्हणाली, "दाणे झाडाखाली टाकायचे होते ना गं?"

"थोडे टाकते," ग्रेका म्हणाली, आणि रडायला लागली.

मी पोरीला आत ढकललं आणि मग तोंड सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला एकेरीत बोलले. विष घातलंस तू माझ्या पोरीला, म्हटलं. भट्टी बुजवलीस, काथवट वाटलीस, देवी झालीस गावाची, आणि काड्यापेटीत मरण घेऊन रोज सकाळी माझ्याच घरात येत होतीस. तुला स्वतःचं पोर नाही म्हणून तुला कळत नाही, असंही म्हटलं. हे वाक्य परत घेता येत नाही.

 मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, नोव्हेंबरपासून. रोज? रविवार सोडून. किती दाणे? पंधरा. एकही उत्तर तिने लपवलं नाही.

"मी तिला तीन घोट पाणीच पाजत होते, वितालिया. दाणे भिजलेलं पाणीसुद्धा गहूच धरतात हे मला नव्हतं ठाऊक. आणि दाणे… ते ती खाईल असं माझ्या मनात नाही आलं गं. दाणे काय कुणी खातं."

मी म्हटलं, या घरात परत पाऊल टाकायचं नाही. तिने एप्रन सोडला, खुंटीला लावला आणि गेली.

दुपारी सिसिन्निओला सांगितलं. तो टेबलाच्या कडेवर बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "तिने मला वाढवलंय." मी म्हटलं, आणि माझी मारत होती. त्यावर तो उठला, आणि त्या आठवड्यात मी न सांगताच टँकरमध्ये जेवत राहिला.

दाणे बंद झाले. पण रक्ताचा आकडा लगेच उतरत नाही. डॉक्टर लोड्डो म्हणाल्या, सप्टेंबरला बघू. म्हणजे पाच महिने जीव टांगणीला. मी दुपारची पाळी घेतली आणि सकाळी ग्रेकाचे केस मीच विंचरायला लागले. गहू गेला आता, तर खपल्याही जातील, असं मी मनाशी धरून बसले होते. खपल्या गेल्या नाहीत. त्यांना गव्हाशी देणंघेणं नव्हतं हे मला नोव्हेंबरातच सांगितलेलं होतं. मी घाबरले की माझा हात जोरात चालतो. तो चालत राहिला.

मे महिन्यात एके दिवशी ग्रेका न्हाणीघरातून बाहेर येईना. आतून कडी. मी हाका मारल्या, दार बडवलं. आतून फक्त कात्रीचा आवाज येत होता, कच, कच. सिसिन्निओने खांद्याने दार तोडलं. ती टबाच्या काठावर बसली होती. एका बाजूचे केस पार मुळाशी कापलेले, कातडीला दोन ठिकाणी कात्रीचं टोक लागलेलं, कानाच्या वर रक्त, आणि तांबडे झुपके फरशीवर.

"केस नसले की खपल्या नाहीत," ती म्हणाली. "मग तू पण नाही विंचरणार."

कात्री तिच्या डोळ्यापासून चार बोटांवर होती. मी ती तिच्या हातातून कशी काढून घेतली ते मला आठवत नाही.

डॉक्टर लोड्डोंनी जखमा पुसल्या, मग दिव्याखाली तिचं सगळं डोकं बघितलं. बाकीच्या जुन्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "हे आजाराने नाही झालेलं," त्या म्हणाल्या, "हे कंगव्याने झालंय."  त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही घाबरलेल्या आहात आणि तुमच्या हातांना घाई आहे. हे काम अर्धा अर्धा तास बसून करायचं आहे. घरात सावकाश हाताचं कुणी नाही का?

आहे, मी म्हटलं. दोन घरं सोडून.

तिच्या दाराशी मी तेलाची बाटली आणि मऊ ब्रश घेऊन उभी राहिले, आणि माझा हात कडीवर जाईना. आत्याने आतूनच बघितलं असावं. दार उघडलं. दोन महिन्यांत ती वाळली होती. हात बघून मी चरकले. सांध्यांवर कातडी फाटून लाल झालेली, नखांपाशी चिरा. दिवसातून कितीदा धूत होती कोण जाणे. घरात गव्हाचा दाणा नव्हता. पलंगाखाली काही नव्हतं. त्या वर्षी तिने देवळातसुद्धा गहू नेला नव्हता.

मी माफी मागितली. पोराबद्दल बोलले त्याची आधी मागितली. ती म्हणाली, बस. मी ग्रेकाच्या केसांचं सांगितलं. तेव्हा ती डोळे पुसायला लागली आणि त्या फाटक्या हातांनी तिला ते धड जमेना.

"चला आत्या," मी म्हटलं. "ती माझ्याकडे डोकं देत नाही."

"मी नाही यायची."

"का?"

"मला माझा भरवसा नाही. ती रडली ना, वितालिया, की माझा हात खिशात जाईल. मला ठाऊक आहे. दाणे नसले तर शेजारून आणीन. चाळीस वर्षांची सवय आहे या हाताला."

 ती उठली, मागचं दार लावून घेतलं, पुढचं लावलं, आणि माझ्या समोर येऊन बसली. म्हणाली, ते बोल मी तुला देते. मी म्हटलं, मला नकोत, माझा विश्वास नाही. ती म्हणाली, म्हणूनच तुला. तू वापरायची नाहीस. आणि तुला दिले की माझ्याकडे काही राहत नाही. मग मी दाणे घेतले काय आणि खडे घेतले काय, नुसतं पाणीच ते.

चाळीस वर्षं ज्यासाठी लोक तिच्या मागच्या दाराशी येत होते, ते ती त्यावर विश्वास नसलेल्या सुनेच्या कानात ओतून मोकळी होणार होती. मला नाही म्हणवलं नाही. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं. लहानसे बोल आहेत, अंगाईपेक्षाही लहान. तिने ते तीनदा म्हटले, माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले. मग दोन्ही हात उताणे करून माझ्यापुढे धरले, झडती द्यावी तसे.

"आता चल," ती म्हणाली.

ग्रेकाने तिला बघितलं आणि स्वतःहून तिच्या पुढ्यात पाठ करून बसली. आत्याने तेल तळव्यावर कोमट केलं, एक एक भांग पाडून खपल्यांवर टेकवलं. पोळू नये म्हणून भट्टीतल्या पावाला ज्या हलक्या बोटांनी शिवायची, त्याच बोटांनी. मग तासभर गोष्टी. मग ब्रश, तोही नुसता फिरवल्यासारखा. जे सुटलं ते सुटलं, जे नाही ते उद्यावर. शाम्पूच्या दिवशी पाच मिनिटं घड्याळ लावून बसायची. असं जून, जुलै, ऑगस्ट. पाठीमागचा भाग आधी साफ झाला, मग कानांमागचा. बायका तिच्या मागच्या दाराशी यायच्याच. ती सांगायची, माझ्याकडे आता नाही. कुणाला दिलं ते सांगायची नाही. तिचं वय झालं, असं गाव म्हणायला लागलं. तिला पूर्वी नमस्कार करणाऱ्या काही जणी मान फिरवून जायच्या, आणि ती ग्रेकाच्या डोक्यावरून हात फिरवत त्यांना जाताना बघायची.

सप्टेंबरात रक्त दिलं आणि निकालाच्या दिवशी मी एकटीच गेले. लांबलचक बाक, समोर बंद दार, माशांची टाकी. आत आकडा होता. उतरला नसला तर नळी. नळीच्या पुढे काय, ते मी स्वतःशीही म्हणत नव्हते.  बाजूची बाई माझ्याकडे टक लावून बघायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलताहेत. मी ते बोल म्हणत होते. किती वेळ म्हणत होते देव जाणे. पेला नाही, पाणी नाही, नुसतेच.

आकडा निम्म्याहून खाली आला होता. डॉक्टर लोड्डो म्हणाल्या, नळी नको, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. डोक्याचं मात्र थंडीत पुन्हा येईल, घाबरू नका. मी घाबरणार होतेच, पण हो म्हटलं.

घरी आले तेव्हा आत्या पायरीवर बसली होती. ग्रेका तिच्या पुढ्यात, आखूड केस तेलाने चपचपीत. आत्याने माझ्याकडे बघितलं आणि तिचा ब्रश हवेतच थांबला. मी आकडा सांगितला. तिने डोळे मिटले. मग मी तिच्या शेजारी बसले आणि पोरीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं, आत्या, आज तिथे मी ते बोल म्हटले.

तिने झटकन माझं मनगट धरलं. तिचे डोळे भीतीने मोठे झाले होते.

"गहू कुठून आणलास?"

"नाही आणला. दाण्यांशिवायच म्हटले."

तिने माझी मूठ उघडून बघितली, मग दुसरी उघडून बघितली. दोन्ही रिकाम्या होत्या. तेव्हा कुठे तिने माझं मनगट सोडलं, तेलाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला, आणि पुन्हा ब्रश हातात घेतला.